कोर्नेलियस व्योल्कसाठी प्रार्थना

नॉयहाइम, मॅनिटोबा
१७ सप्टेंबर १९४४

प्रिय डिर्क,

चर्चच्या मंडळीत नेमकं काय झालं ते सगळं सांग, काही गाळू नकोस, असं तू लिहिलंस. आता ऐक.

उपदेश संपला आणि थीसेन उपदेशक खाली बसलेच नाहीत. म्हणाले, "हार्डरांच्या डिर्कनं हातात बंदूक घेतली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यानं राजाचा गणवेश चढवला. जखमी शिपायाला बरं करायचं म्हणजे त्याला पुन्हा मारायला धाडायचं. शस्त्र धरायचं नाही म्हणून आपले आजे-पणजे रशिया सोडून निघाले, ते यासाठी नव्हे." मग तुला काढावं असं वाटणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. पुरुषांच्या बाजूनं बहुतेक सगळे वर गेले. मंडळीच्या यादीतून तुझं नाव निघालं. बाबांचा हात गुडघ्यावरच होता, पण ते काही बोललेही नाहीत.

घरी आल्यावर बाबा बूट न काढता गोठ्यात गेले. जेवायला बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "लढाईऐवजी सरकारी छावणीत झाडं लावत होता, त्यात काय वाईट होतं?" त्यानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून आलेलं नाही. तुझी पत्रं मी गावातल्या पोस्टातून आणते आणि आईला स्वयंपाकघरात वाचून दाखवते. बाबा दाराशी घुटमळतात. आत येत नाहीत, लांबही जात नाहीत.

इंग्रजांच्या दुकानातही तीच गत. तिथल्या बाईचा मुलगा जूनमध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. साखर मोजता मोजता म्हणते, "तुमची पोरं झाडं लावतात, आमची मातीत जातात." मी म्हटलं, माझा भाऊ तिकडेच आहे, जखमींना उचलतो. तर म्हणाली, "बंदूक नाही तो शिपाई कसला?" म्हणजे इकडे तू शिपाई आहेस म्हणून वाळीत आणि तिकडे शिपाई नाहीस म्हणून. एकदा काय ते ठरव रे, म्हणजे मला कुठेतरी उधारीवर साखर मिळेल.

आई बरी आहे. थोडी थकते. लोकरीचे मोजे पाठवतेय, पायात घाल, मित्रांना वाटत सुटू नकोस.

तुझी ताई,
युस्टिना

*

हॉलंड
१४ ऑक्टोबर १९४४

प्रिय ताई,

मोजे मिळाले. एक जोड गिलिसला दिला. रागावू नकोस, त्याचे पाय बघितले असतेस तर तूच दिला असतास.

हा गिलिस स्ट्रेचरचं दुसरं टोक धरतो. केप ब्रेटनचा कोळी, कॅथलिक, तोंडानं घाणेरडा आणि पाठीनं बैल. सगळे मला बुवा म्हणतात ते त्याच्यामुळेच. "काय बुवा, आज तरी पिस्तूल घेणार का?" असं रोज सकाळी विचारतो. मी नाही म्हणतो. मग म्हणतो, "नको घेऊस. गोळीला काय कळतंय कोण बुवा ते." आणि चहा देतो.

हा सगळा देश पाण्याखाली आहे. जर्मनांनी बांध फोडलेत. शेतं बुडाली, फक्त बांधांचे माथे वर, आणि त्यावरूनच ये-जा करावी लागते, म्हणजे सगळ्यांना दिसत दिसत. आम्ही दोघं एका वेळी एकाला नेतो. बाकीचे हाका मारत राहतात. "आलोच" असं म्हणून निघायचं आणि परत आल्यावर कोण गप्प झालंय ते बघायचं. यातलं काही आईला वाचू नकोस.

थीसेनांना एक सांग. मी बरं करून ज्यांना पुन्हा मारायला धाडतोय, त्यांची काळजी करू नका म्हणावं. मी उचललेल्यांतले फारच थोडे पुन्हा बंदूक धरण्याच्या लायकीचे उरतात. नाहीतर नकोच सांगूस. मी इथे आलो कारण झाडं लावायच्या, वणवे विझवायच्या त्या छावणीत रात्री मला झोप लागायची. शेजारच्या गावची पोरं मरत होती आणि मला छान झोप लागायची. हे मला कुणाला पटवून देता येत नाही. बाबांनाही आलं नाही.

आई "थोडी थकते" म्हणजे काय?

डिर्क

*

नॉयहाइम
९ नोव्हेंबर १९४४

प्रिय डिर्क,

आई थकते म्हणजे थकते. साठीला आलीय, तुझ्यासारखं दांडगं पोर वाढवलंय. संध्याकाळी पाय सुजतात, भूक कमी झालीय, बाकी ठीक. तू तिकडची काळजी घे.

गेल्या आठवड्यात डुक्कर कापलं. दरवर्षी अंगण कसं भरायचं आठवतंय ना? यंदा कुणी आलं नाही. आम्ही बोलावलंही नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. बाबा आणि मी, दोघांनीच. पाणी उकळायचं, केस खरवडायचे, आतडी धुवायची, सगळं. बाबा एकदा बर्फावर घसरले. मी उठवायला गेले तर म्हणाले, "राहू दे, बसतो थोडा." तसेच बसले. मला रडू आलं आणि हसूही.

आता आईचं ऐक, ती सांगतेय आणि मी लिहितेय. "वर्तमानपत्रात आलंय म्हणे की रशियातली आपली माणसं माघार घेणाऱ्या जर्मनांच्या मागोमाग गाड्या जोडून पश्चिमेला निघाली. माझ्या अगानेथाचं सात वर्षांत पत्र नाही. तू आता तिकडेच आहेस. कुणी माझ्या रोझेनहोफ गावचं भेटलं तर तुझ्या मावशीचं विचार." मी तिला सांगितलं, आई, युरोप म्हणजे काही आपला बाजार नाही. तर म्हणते, "विचारायला काय जातं?"

तुझं झोपेचं मी बाबांना सांगितलं नाही. पण मी पत्र टेबलावर ठेवून गोठ्यात गेले होते, परत आले तर घडी वेगळी होती.

युस्टिना

*

हॉलंड
३ डिसेंबर १९४४

प्रिय ताई,

आईला सांग, रोझेनहोफचा एक जण भेटला.

होऊन महिना झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो. बांधापलीकडच्या एका गोठ्यात जखमी कैदी ठेवले होते. त्यातला एक कुणाशी तरी पुटपुटत होता, आणि मला एकदम वाटलं की मी आपल्या स्वयंपाकघराच्या बाहेर उभा आहे. जर्मन नव्हे, आपली घरची बोली. तीच ओढ, तेच हेल. कोर्नेलियस व्योल्क, वय एकोणीस. त्यांच्या गाड्या पोलंडला पोचल्या आणि तिथे जर्मनांनी सगळ्या पोरांना गणवेश चढवले. कुणी विचारलं नाही, त्यानं नाही म्हटलं नाही.

मावशीला त्यानं गेल्या हिवाळ्यात पाहिलं होतं. जिवंत होती, गाडीमागून चालत होती, गाय होती बरोबर. आईला हे नक्की सांग, हे पक्कं आहे.

त्याच्या पोटात गोळी होती. मी त्याच्याजवळ बराच वेळ बसलो. मग गाडी आली. त्याला मीच उचलून गाडीत ठेवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी त्याला दुखत नव्हतं. आईला म्हणावं, तिच्या गावच्या पोराला आपल्याच माणसाचा हात लागला.

आणखी काही लिहवत नाही. तुला कळेल.

आईचे पाय सुजतात असं तू सहज लिहून गेलीस. बोटानं दाबलं तर खड्डा राहतो का? पोट वाढलंय का? डॉक्टरला दाखव. आणि मला खरं काय ते कळव.

डिर्क

*

नॉयहाइम
२९ डिसेंबर १९४४

माझ्या लाडक्या डिर्क,

तुझ्या पत्रानं काय केलंय ते तुला कसं सांगू! आई उठून बसली. अगानेथा जिवंत आहे, अगानेथा जिवंत आहे, दिवसभर तेच. पनीर भरलेल्या वेरेनिकी खाल्ल्या, कितीतरी दिवसांनी. आणि मग म्हणाली, "त्या पोराला दवाखान्यातून सोडलं की इकडे आणा. तो मला सगळं सांगेल."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बाबा दारात होते. आत आले. माझ्या हातातलं पत्र घेतलं, चष्मा लावला आणि उभ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाले, "व्योल्क? याकोबचा पुतण्या असणार हा." आणि लगेच घोडे जोडले.

याकोब व्योल्क तुला आठवतो का? रेल्वेच्या पलीकडच्या गावात असतो. त्याची बायको सुझाना, मूलबाळ नाही. त्याचा भाऊ रशियातच राहिला आणि सदतीस साली पोलिसांनी त्याला रात्रीतून नेलं. कोर्नेलियस त्याचाच मुलगा. याकोबला वाटत होतं की आपल्या घराण्यात आता कुणीच उरलं नाही. बाबांनी सांगितलं तेव्हा तो हातातली बादली टाकून सुझानाला हाका मारत घरात धावला म्हणे.

नाताळच्या प्रार्थनेत बाबा उभे राहिले. आपले बाबा! डिर्क, त्यांनी कधी कुणासमोर तोंड उघडलंय? म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव तुम्ही काढलंत. मी गप्प बसलो. त्या मुलानं याकोबच्या पुतण्याला मरणातून उचललंय. त्या पोराच्या हातात बंदूक होती, माझ्या पोराच्या नव्हती. आता तुम्ही दोघांसाठी प्रार्थना करा, नाहीतर कुणासाठीच करू नका." थीसेनांनी प्रार्थना केली. आधी कोर्नेलियसचं नाव घेतलं, मग अडखळत तुझं.

दुसऱ्या दिवसापासून बायका घरी यायला लागल्या. सुझानानं माडीवरची खोली रंगवायला काढलीय. त्याच्या मापाचा सदरा शिवायचाय म्हणून विचारतेय, अंगानं कसा आहे, उंच की बुटका? तेवढं कळव. दवाखान्याचा पत्ताही कळव, याकोब रेडक्रॉसला लिहिणार आहे.

आई ठीक आहे. या आनंदानं तर फारच.

युस्टिना

*

हॉलंड
२१ जानेवारी १९४५

ताई,

तो मेला.

मला वाटलं होतं तुला कळेल आणि आईला कळणार नाही. म्हणून तसं लिहिलं. गाडी मेलेल्यांना न्यायला आली होती. शेवटी दुखत नव्हतं म्हणजे तो जिवंतच नव्हता. तुझं पत्र मी गिलिसला वाचून दाखवलं, इंग्रजीत भाषांतर करून, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बुवा, हे काय केलंस रे?"

मी काय करू ते मला कळत नाही. इथून मी काहीच करू शकत नाही. तुझ्या पत्राला पोचायला तीन आठवडे लागले, याला आणखी तीन लागतील, आणि तोवर ती खोली रंगवून होईल. सुझानाबाईंना थांबव. कसंही करून थांबव.

आणि आईबद्दल. "आनंदानं तर फारच" असं लिहून तू माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. मी इतकी माणसं बघितलीत की न सांगितलेलंही मला ऐकू येतं. ताई, ती मरतेय का?

डिर्क

*

नॉयहाइम
१८ फेब्रुवारी १९४५

डिर्क,

आई गेली. गेल्या रविवारी, दुपारी, आम्ही कॉफीला बसलो होतो तेव्हा.

ऑगस्टपासून ठाऊक होतं. गावच्या डॉक्टरनं पोट चाचपलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की आता काही करण्यासारखं नाही. आई म्हणाली, "डिर्कला कळवू नका, त्याला तिथून येता येणार नाही, नुसता तळमळेल." मी तिचं ऐकलं. तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही आणि तुलाही माझ्यावर नाही. आपण दोघांनी एकमेकांना जपलं, आणि बघ काय झालं.

तुझं पत्र ती जाण्याआधी तीन दिवस आलं. मी ते पोस्टाबाहेर वाचलं. थंडी एवढी की पापण्या चिकटत होत्या. घरी आले तर आई म्हणाली, "डिर्कचं काय? पोराचा पत्ता आला?" मी म्हटलं, नाही आई, पोस्टात काही नव्हतं. शेवटपर्यंत ती विचारत होती की अगानेथाची गाय कुठल्या रंगाची होती ते त्या पोराला विचारायचं आहे. शेवटच्या सकाळी तिनं 'पोरा' अशी हाक मारली, ती कोर्नेलियसला होती की तुला, ते मला कळलं नाही.

दफनाला याकोब आणि सुझाना आले. सुझानानं माझा हात धरला आणि म्हणाली, "आता तो आला की तुमच्याकडेही राहील, तुम्हाला घर रिकामं वाटणार नाही." तू सांगितलंस थांबव म्हणून. मी कसं थांबवणार होते?

सगळे गेल्यावर मी पत्र बाबांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. मला वाटलं ओरडतील. मंडळीसमोर उभे राहून बोलले होते ते. पण त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "तेव्हा मी सांगितलं होतं, आता हेही मीच सांगायला हवं." याकोबकडे पायी निघाले, घोडे न जोडता. अंधार पडल्यावर परत आले. एवढंच म्हणाले, "खोली निळी रंगवलीय."

थीसेन आता म्हणतात की मंडळीची दिशाभूल झाली. कुणी मुद्दाम केली असं म्हणत नाहीत, पण बायका पुन्हा येईनाशा झाल्यात.

याकोबनं निरोप दिलाय. पोर कसं गेलं ते त्याला सगळं ऐकायचंय. जपून नको, गोड करून नको. आणि त्या पोरानं कुणाला मारलं होतं का, तेही.

ताई

*

जर्मनी
२० मार्च १९४५

याकोबकाका आणि सुझानाकाकूंना डिर्क हार्डरचा नमस्कार.

तुम्ही सगळं मागितलंत म्हणून सगळं लिहितो.

तो उंच होता, बारीक, कान मोठे. गोळी बेंबीच्या खाली डाव्या बाजूला लागली होती. मी त्याच्याशी आपल्या बोलीत बोललो तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि पहिलं हेच विचारलं, "तू कुणाचा रे?" मी म्हटलं, हार्डरांचा, आई रोझेनहोफच्या फास्टांकडची. त्याला ते घर माहीत होतं. मी कॅनडाचा आहे हे त्याच्या ध्यानातच येईना. त्याला वाटत होतं मी शेजारच्या गावातून आलोय. तुमचं नाव त्यानं घेतलं. "माझे काका अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे मोटार आहे," असं म्हणाला. मी म्हटलं, असेल.

डॉक्टरांनी त्याला बघितलं होतं. ते मला म्हणाले, "वेळेत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला तर वाचेल. पाण्याचा थेंब द्यायचा नाही." पोटात गोळी असली की पाणी देत नाहीत, त्यानं आत विष पसरतं. पण रस्ता पाण्याखाली होता, गाड्या पलीकडे अडकल्या होत्या. आम्ही वाट बघत होतो.

तो पाणी मागायला लागला. मी ओला कपडा ओठांना लावत होतो. तो कपडा दातात धरून चोखायचा आणि मला तो ओढून काढावा लागायचा. आधी गोड बोलून मागितलं. म्हणाला, "आपल्या माणसाला नाही म्हणतोस?" मी म्हटलं, गाडी येईल, तू वाचशील, म्हणून देत नाही. म्हणाला, "माझ्या आईनं दिलं असतं." मग चिडला. म्हणाला, "तू हार्डरांचा नाहीसच. तू आपला नाहीस. आपली बोली कुठून तरी चोरलीयस." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी बोलत राहिलो. थोड्या वेळानं मला कळलं की तो ऐकत नाहीये.

गाडी त्यानंतर आली.

तो मरणारच आहे हे मला ठाऊक असतं तर मी त्याला बादलीभर पाणी पाजलं असतं. मला आशा होती, म्हणून मी दिलं नाही. तो माझ्यावर रागावून गेला. हे मला घरी लिहिता आलं नाही.

त्यानं कुणाला मारलं होतं का, हे मी विचारलं नाही. विचारणारा मी कोण?

काकू, खोलीबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही.

डिर्क हार्डर

*

नॉयहाइम
२२ एप्रिल १९४५

डिर्क,

मला पत्र लिहायची सवय नाही. युस्टिना लिहिते म्हणाली, मी नको म्हटलं.

तुझं पत्र मी याकोबकडे घेऊन गेलो. त्यानं ते उघडलं नाही, मला वाचायला सांगितलं. सुझाना समोर बसली होती. पाण्याचं आलं तिथे मी चष्मा काढून पुसला. याकोब म्हणाला, "वाच." पुढे 'तू आपला नाहीस' हे आलं. मी थांबलो. पुन्हा म्हणाला, "वाच, अब्राम." मी सगळं वाचलं. सुझानानं कॉफी ओतून ठेवली होती, ती कुणी प्यायली नाही. ती उठली आणि माडीवर गेली.

याकोब गोठ्यात गेला. मीही गेलो. त्यानं एका गाईखाली स्टूल घेतलं, मी दुसऱ्या. सगळ्या गाईंच्या धारा दोघांनी काढल्या.

तू केलंस ते बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. थीसेनांना येतं. मी त्यांना मंडळीत तुझं नाव परत घालण्याबद्दल विचारलं. बघू म्हणाले. मी इतकी वर्षं त्यांच्या उपदेशाला बसलो, पण त्या गोठ्यात त्या पोराजवळ मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला त्यात सापडत नाही. मीही पाणी दिलं नसतं असं वाटतं. मग वाटतं, दिलं असतं.

तुझी आई असती तर तिनं तुला काहीतरी लिहिलं असतं. मला तिच्यासारखं जमत नाही.

युद्ध संपत आलं म्हणतात. निघताना याकोबनं मला फाटकाशी थांबवलं. म्हणाला, "तो परत आला की आधी आमच्याकडे यायला सांग. मला त्याच्याकडे बघवणार नाही. सुझाना बहुधा खालीच येणार नाही. तरी ये म्हणावं."

मी सांगतो म्हटलं. म्हणून लिहिलं.

तुझा बाप,
अब्राम हार्डर